क्लॅम्प मीटर आणि करंटची मोजणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साध्या मल्टिमीटरने करंट मोजायचा तर सर्किट तोडून मीटर मध्ये घालावा लागतो. क्लॅम्प मीटर, म्हणजे जुन्या लोकांचा टाँग टेस्टर, वायरभोवती नुसता जबडा मिटतो आणि आकडा दाखवतो. ही सोय इतकी मोठी आहे की तो नेमकं काय मोजतो हे विचारायचं राहूनच जातं. चुकीची बहुतेक रीडिंग्ज तिथूनच येतात.

वायरला न चिकटता मीटरला करंट कळतो कसा?

करंट वाहत असलेल्या वायरभोवती चुंबकीय क्षेत्राची वलयं तयार होतात. वायरभोवती एक बंद फेरी मारली आणि त्या फेरीवरचं क्षेत्र जमा करत गेलं, तर येणारी बेरीज फेरीच्या आतून जाणाऱ्या एकूण करंटच्या प्रमाणात असते. हा ॲम्पिअरचा नियम. मीटरचा मिटलेला जबडा ही ती बंद फेरी. या नियमातले दोन शब्द पक्के लक्षात ठेवा: ‘आतून’ आणि ‘एकूण’. मीटर अमुक वायरचा करंट दाखवत नाही, जबड्याच्या खिडकीतून जे काही जातं त्याची दिशेसकट बेरीज दाखवतो. खालच्या निम्म्याअधिक प्रश्नांची उत्तरं याच एका वाक्यातून निघतात.

फक्त एसी (दिशा बदलत राहणारा करंट) मोजणारा मीटर म्हणजे एक उघडता येणारा ट्रान्सफॉर्मर असतो. जबड्यात लोखंडी पत्र्यांचा किंवा फेराइटचा गाभा आणि त्यावर बारीक तारेचे शेकडो वेढे असतात. तुमची वायर म्हणजे प्रायमरी, आणि तिचा वेढा एकच. सेकंडरीला, म्हणजे त्या बारीक तारेला, १००० वेढे असतील तर वायरमधल्या १०० ॲम्पिअरचे तिथे ०.१ ॲम्पिअर होतात. हा छोटा करंट आतल्या एका रेझिस्टरमधून जातो, त्यावरचं व्होल्टेज मीटर वाचतो आणि आकडा मांडतो.

मग असा मीटर डीसी का दाखवत नाही?

ट्रान्सफॉर्मरला बदलतं क्षेत्र लागतं. डीसीचं, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटचं, क्षेत्र स्थिर असतं, त्यामुळे सेकंडरीत काहीच उमटत नाही. बॅटरीच्या केबलमधून २०० ॲम्पिअर जात असले तरी पडद्यावर शून्य. मीटर बिघडलेला नाही, तो त्या कामाचाच नाही.

डीसीसाठी जबड्याच्या गाभ्यात एक बारीक फट ठेवून तिथे हॉल सेन्सर बसवतात. एडविन हॉल यांना १८७९ मध्ये असं दिसलं की करंट वाहत असलेल्या पातळ पट्टीवर आडवं चुंबकीय क्षेत्र लावलं की पट्टीच्या दोन कडांमध्ये व्होल्टेज तयार होतं. क्षेत्र स्थिर असो वा बदलतं, हा परिणाम होतोच. म्हणून असा मीटर एसी आणि डीसी दोन्ही मोजतो. खरेदी करताना डायलवर एसीची नागमोडी खूण आणि डीसीची सरळ रेघ करंटच्या जागी दोन्ही आहेत ना, हे पाहा. डीसी व्होल्टेज मोजणारा पण डीसी करंट न मोजणारा क्लॅम्प मीटर सर्रास मिळतो आणि तिथेच फसगत होते.

लवचीक दोरीसारखा कॉइल असलेला मीटर वेगळा असतो का?

हो. तो रोगॉव्स्की कॉइल. त्यात लोखंडी गाभा नसतो, त्यामुळे कितीही मोठा करंट असला तरी गाभा संपृक्त होण्याचा, म्हणजे आणखी चुंबकत्व न पेलण्याचा, प्रश्न येत नाही. जाड बसबारला (पॅनेलमधल्या करंट वाहणाऱ्या धातूच्या पट्टीला) किंवा एकाच फेजच्या चार-चार केबलींच्या जुडग्याला तो सहज गुंडाळता येतो. तोही डीसी मोजत नाही, आणि एक-दोन ॲम्पिअरसारख्या लहान करंटवर त्याचा भरवसा धरू नये. कॉइलची दोन टोकं जिथे जुळतात तो सांधा सगळ्यात कच्चा. तो वायरपासून किमान अडीच सेंटीमीटर लांब ठेवा, आणि कुलूप ‘टक्’ करून बसलंय याची खात्री करा.

एक्स्टेन्शन बोर्डाच्या वायरभोवती क्लॅम्प लावला, हीटर तापलाय, पण रीडिंग शून्य. का?

त्या एका आवरणात फेजही आहे आणि न्यूट्रलही. फेजमधून ८ ॲम्पिअर जातात, न्यूट्रलमधून तेच ८ ॲम्पिअर उलट परत येतात. बेरीज शून्य. मीटरने अगदी खरं सांगितलं.

फेज एकटी धरावी लागेल. त्यासाठी बाहेरचं आवरण सोलू नका. लाइन स्प्लिटर नावाचं छोटं उपकरण मिळतं: एका बाजूला पिन, दुसऱ्या बाजूला सॉकेट आणि मध्ये वेगळ्या काढलेल्या वायरचं कडं. कड्यात जबडा घातला की झालं. काही स्प्लिटरवर दोन कडी असतात, ‘१ पट’ आणि ‘१० पट’. दुसऱ्यात वायरचे दहा वेढे असतात, म्हणून तिथलं रीडिंग दहाने भागायचं.

मग दोन्ही वायरी एकत्र धरण्याला काहीच अर्थ नाही?

उलट, लीकेज म्हणजे गळती शोधायची ती हीच पद्धत. फेज आणि न्यूट्रल एकत्र धरल्यावर बेरीज शून्य यायला हवी. शून्य आली नाही तर तेवढा करंट भलत्याच वाटेने, म्हणजे अर्थिंगमधून, पाण्याच्या पाइपातून किंवा ओल्या भिंतीतून परत चाललाय. थ्री-फेजला तिन्ही फेज आणि न्यूट्रल असे चारही कंडक्टर एकत्र धरा. अर्थिंगची वायर मात्र जबड्याबाहेर हवी, नाहीतर तिच्यातून परतणारी गळतीही बेरजेत येऊन लपते.

साधा मीटर इथे चालत नाही. ज्याची सगळ्यात लहान पायरी ०.१ ॲम्पिअर, म्हणजे १०० मिलिॲम्पिअर आहे, त्याला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) उडवणारा दोष दिसणारच नाही. त्यासाठी वेगळा लीकेज क्लॅम्प लागतो, मिलिॲम्पिअरचे अंश दाखवणारा आणि भोवतालच्या क्षेत्रापासून बचाव केलेला.

आरसीसीबी सारखा उडत असेल तर लोड चालू ठेवून मेन वायरींवर हा क्लॅम्प लावा आणि एकेक एमसीबी (प्रत्येक सर्किटचा आपोआप उडणारा स्विच) बंद करत जा. ज्या एमसीबीला आकडा धाडकन खाली येतो, दोष त्या सर्किटवर. थोडा-थोडा करत कमी होत गेला तर एकच दोष नाही. संगणक, एलईडी ड्रायव्हर, वॉशिंग मशीन यांच्या फिल्टर कपॅसिटरमधून थोडी गळती नेहमीच असते आणि ती साठत जाते. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही उडणं नियमात बसतं, त्यामुळे नेहमीची गळतीच १२ वर पोचली असेल तर सर्किटं वाटून द्यावी लागतात.

एक खोच आहे. सिंगल-पोल एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल कुठे अर्थला टेकली असेल तर एमसीबी बंद करूनही गळती हलत नाही, कारण इतर सर्किटांचा परतीचा करंट त्या टेकलेल्या जागेतून अर्थमध्ये शिरतो. सगळे एमसीबी फिरवूनही काही सापडलं नाही की संशय न्यूट्रलवर घ्या. मग पुरवठा पूर्ण बंद करून न्यूट्रल लिंकवरून एकेक वायर सोडवून तपासण्याला पर्याय नाही.

थ्री-फेज मोटरचा करंट कसा मोजायचा?

एकेक फेज वेगळी धरून, एकाच लोडवर, तिन्ही आकडे लिहून. तिन्ही एकत्र धरल्या तर शून्याच्या आसपास येईल, कारण वर सांगितलं तेच. आर्मर्ड केबलवर बाहेरून क्लॅम्प लावूनही म्हणूनच काही मिळत नाही. मोजायचं ते ग्लँडच्या (केबल आत शिरते तिथल्या पकडीच्या) पुढे, जिथे कोअर, म्हणजे आतल्या वायरी, सुट्या होतात तिथे.

आकडे नेमप्लेटवरच्या फुल-लोड करंटशी ताडून बघा आणि आपसांतही. समजा १८, २० आणि २५ ॲम्पिअर आले. सरासरी २१, सगळ्यात मोठं अंतर ४, म्हणून असमतोल ४ भागिले २१, साधारण १९ टक्के. हे जास्त आहे. पण लगेच मोटरला दोष देऊ नका. व्होल्टेजमधला एक-दोन टक्क्यांचा फरकही करंटमध्ये कित्येक पटींनी मोठा दिसतो. दोष कुठला हे ओळखायची जुनी, खात्रीची रीत अशी: पुरवठा बंद करून, लॉक लावून, मोटरच्या तिन्ही वायरी स्टार्टरवर एकेक घर पुढे सरकवा. पहिलीच्या जागी तिसरी, दुसरीच्या जागी पहिली, तिसरीच्या जागी दुसरी. तिन्ही सरकवल्याने मोटर उलटी फिरत नाही. आता पुन्हा मोजा. जास्तीचा करंट पूर्वीच्याच पुरवठा-फेजवर राहिला तर दोष पुरवठ्याचा: सैल जोड, जळका कॉन्टॅक्ट किंवा फेजवरचा असमान भार. तो मोटरच्या त्याच वायरबरोबर नव्या घरात गेला तर दोष मोटरच्या वाइंडिंगचा किंवा तिच्या केबलचा.

न्यूट्रलही मोजत जा. तिन्ही फेज समतोल असूनही न्यूट्रल गरम लागत असेल तर लोडमध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा भरणा आहे. त्यांच्या तिसऱ्या हार्मोनिकचे, म्हणजे तिप्पट वारंवारतेचे, करंट (५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर १५० हर्ट्झचे) न्यूट्रलमध्ये एकमेकांना मारत नाहीत, ते जमा होतात.

‘ट्रू आरएमएस’ला जास्त पैसे मोजावेत का?

मोजावेत. आरएमएस म्हणजे वायर तापवण्याच्या हिशेबाने धरलेला करंट. ट्रू आरएमएस नसलेला मीटर करंटची सरासरी काढतो आणि तिला १.११ ने गुणून आरएमएस म्हणून दाखवतो. हा गुणक फक्त स्वच्छ साइन लहरीसाठी बरोबर आहे. हीटर, पिवळा बल्ब, थेट पुरवठ्यावरची मोटर यांना तेवढं पुरतं. संगणक, एलईडी, यूपीएस, ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं उपकरण), इन्व्हर्टर एअर कंडिशनर ही मंडळी मात्र करंट झटक्या-झटक्याने ओढतात.

हिशेब करून बघा. एखादं उपकरण एकूण वेळेच्या चौथाई भागातच १० ॲम्पिअर ओढतं आणि बाकी वेळ काहीच नाही, असं धरू. वायर तापवणारा खरा आरएमएस करंट ५ ॲम्पिअर. सरासरी २.५, गुणिले १.११, म्हणजे साधा मीटर २.८ दाखवेल. वायर पाचाने तापतेय आणि तुम्हाला तिनाच्या आतला आकडा दिसतोय. ‘लोड तर कमी आहे, मग एमसीबी का उडतो?’ या तक्रारीमागे पुष्कळदा हाच मीटर असतो.

माहितीपत्रकात ‘±(२% + ५ डिजिट)’ लिहिलंय. म्हणजे काय?

दोन चुका एकत्र. पहिली रीडिंगच्या दोन टक्के. दुसरी शेवटच्या अंकाच्या पाच पायऱ्या. ४०० ॲम्पिअरच्या रेंजवर शेवटची पायरी ०.१ ॲम्पिअर असेल तर पाच डिजिट म्हणजे ०.५ ॲम्पिअर. आता २०० ॲम्पिअर मोजताना चूक ४.५, चालून जाते. १० ॲम्पिअरला ०.७, म्हणजे सात टक्के. आणि १ ॲम्पिअरला ०.५२, म्हणजे निम्मी! १००० ॲम्पिअरचा मीटर घेऊन फ्रिजचा करंट मोजणं म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर किराणा तोलणं.

लहान करंट असल्या मीटरने मोजायची काही युक्ती?

वायर पुरेशी लांब आणि लवचीक असेल तर ती जबड्याभोवती गुंडाळा. खिडकीतून दहा वेळा गेली की मीटरला दहापट करंट दिसतो. १ ॲम्पिअर असेल तर १०.० दाखवेल, ±०.७ धरून. दहाने भागल्यावर १.०० ±०.०७. मघाची ५२ टक्के चूक सातवर आली. वेढे मोजताना खिडकीच्या आतून वायर किती वेळा गेली तेवढंच मोजा. बाहेरून दिसणारे वेढे मोजले की एकाची चूक ठरलेली. आणि गुंडाळणं अर्थातच पुरवठा बंद करून.

रीडिंग कमी येतंय किंवा हलतंय. कुठे बघू?

आधी जबडा. दोन्ही टोकं जिथे टेकतात त्या धातूच्या पृष्ठभागावर धूळ, गंज किंवा तुटक्या केबल टायचा कपटा अडकला तर बारीक हवेची फट राहते. हवेतून चुंबकीय प्रवाह लोखंडाच्या मानाने फार कष्टाने जातो, म्हणून केसाएवढी फटही रीडिंग खाली ओढते. कोरड्या मऊ कापडाने पुसा. पॉलिश पेपरने घासू नका, पृष्ठभाग कायमचा बिघडतो. जबडा एकदा उघडून पुन्हा मिटवला आणि आकडा बदलला, तर तो नीट बसत नव्हता.

मग वायरची जागा. जबड्यावर बहुधा खुणेच्या रेघा असतात. त्या जिथे छेदतात तिथे, जबड्याला काटकोनात वायर ठेवा. टोकाशी लोंबकळणारी वायर एखाद-दोन टक्के चूक सहज घालते.

शेजारून जाड केबल किंवा बसबार जात असेल तर त्याचंही क्षेत्र थोडं शिरतं, खऱ्या जबड्याचा बचाव काही परिपूर्ण नसतो. मीटर रिकामा मिटवून त्याच जागी धरा. जो आकडा दिसेल तेवढी शंका रीडिंगबद्दल ठेवा. आणि बॅटरी. तिची खूण लुकलुकायला लागल्यावर आलेल्या आकड्यावर निर्णय घेऊ नका.

मोठ्या एसी करंटवर जबडा गुणगुणतो. तो बिघाड नव्हे, गाभ्याची दोन अर्धुकं सेकंदाला शंभर वेळा एकमेकांना ओढत असतात.

डीसी मोजताना वायर नसतानाही एक-दोन ॲम्पिअर दिसतात.

हॉल सेन्सरला पृथ्वीचं क्षेत्र, जवळचा स्पीकर, आधीच्या मोजणीनंतर गाभ्यात उरलेलं चुंबकत्व, सगळंच कळतं. म्हणून दर मोजणीआधी ‘झीरो’ दाबायचं. दाबताना जबडा रिकामा, पूर्ण मिटलेला, आणि मीटर ज्या जागी, ज्या दिशेने धरणार आहात तसाच धरलेला हवा. टेबलावर झीरो करून गाडीच्या बॉनेटखाली नेला तर ते झीरो तिथलं नाही.

मोठा डीसी मोजल्यावर शून्य सरकलं असेल तर जबडा चार-पाच वेळा उघडमीट करून पुन्हा झीरो करा. तरी शंका असेल तर क्लॅम्प एकदा सरळ आणि एकदा उलटा लावून मोजा. सरळ +५.३ आणि उलट −४.९ आले, तर खरा करंट ५.१ ॲम्पिअर आणि शून्याची चूक ०.२. जबड्यावरचा बाण करंटची दिशा सांगतो. बॅटरी चार्ज होतेय की रिकामी होतेय हे चिन्हावरून कळतं ते या बाणामुळेच.

उभ्या गाडीची बॅटरी उतरते. क्लॅम्पने तपासता येईल?

येईल, पण १० मिलिॲम्पिअर किंवा त्याहून बारीक दाखवणारा डीसी क्लॅम्प हवा. चांगल्या स्थितीतल्या गाडीचा निवांत करंट साधारण २० ते ५० मिलिॲम्पिअर असतो. बॉनेट उघडून, दाराचं कुलूप बंद मानलं जाईल अशी व्यवस्था करून, किल्ली लांब ठेवून अर्धा तास थांबा, कारण गाडीतले संगणक लगेच झोपत नाहीत. मग बॅटरीच्या ऋण केबलभोवती क्लॅम्प लावा. त्या टर्मिनलला एकापेक्षा जास्त वायरी जोडलेल्या असतील तर सगळ्या एकत्र धरा. आकडा मोठा असेल तर एकेक फ्यूज काढून बघा.

मोटर चालू होतानाचा झटका दिसत का नाही?

पडदा सेकंदाला दोन-तीन वेळाच बदलतो, झटका त्याआधी ओसरलेला असतो. डायरेक्ट-ऑन-लाइन (मोटर थेट पूर्ण व्होल्टेजला जोडणाऱ्या) स्टार्टरवर मोटर सुरुवातीला फुल-लोडच्या सहा ते आठ पट करंट घेते. त्यासाठी ‘इनरश’ बटण असलेला मीटर लागतो. मोटर बंद असताना क्लॅम्प लावा, बटण दाबून मीटर सज्ज करा, मग मोटर चालू करा. करंट वाढायला लागताच मीटर स्वतःहून साधारण १०० मिलिसेकंदांचा तुकडा टिपतो. ‘मॅक्स’ बटण हे काम करत नाही, ते पडद्यावरच्या आकड्यांतला मोठा तेवढा लक्षात ठेवतं.

ड्राइव्हच्या आउटपुटला आकडा भलताच येतो.

ड्राइव्ह मोटरला साइन लहर देत नाही, हजारो हर्ट्झने चिरलेले तुकडे देतो. लो-पास फिल्टर (वेगवान चढउतार गाळणारा) असलेला ट्रू आरएमएस मीटर वापरा. आणि इनपुटचा करंट आउटपुटपेक्षा कमी दिसला तर घाबरू नका. मोटर हळू फिरत असेल तर असंच दिसायला हवं: बाहेर व्होल्टेज कमी आणि करंट जास्त, आत उलट.

ॲम्पिअरला व्होल्टने गुणलं की वॅट मिळाले ना?

हीटरसाठी मिळाले. मोटर, एअर कंडिशनर, एलईडीसाठी जे मिळतं ते व्होल्ट-ॲम्पिअर. खरे वॅट काढायला पॉवर फॅक्टरने (खऱ्या वॅटच्या व्होल्ट-ॲम्पिअरशी असलेल्या प्रमाणाने) गुणावं लागतं आणि तो नुसत्या करंटवरून कळत नाही.

सोलर पॅनेलच्या स्ट्रिंगवर (एकामागोमाग जोडलेल्या पॅनेलच्या माळेवर) क्लॅम्प चालतो का?

डीसीचा चालतो, आणि फार उपयोगी पडतो. सारख्याच स्ट्रिंग एकाच उन्हात मोजा. एकीचा करंट इतरांपेक्षा कमी असेल तर तिथे सावली, मळ किंवा बिघडलेलं पॅनेल शोधा. स्ट्रिंगचा कनेक्टर सोडवण्याआधी आयसोलेटर बंद करून करंट खरोखर शून्य झाल्याचं क्लॅम्पने बघा. डीसीची ठिणगी एसीसारखी अर्ध्या चक्रात शून्यावर येऊन विझत नाही, ती ताणली जाते आणि जाळते. स्ट्रिंगचं व्होल्टेज कित्येक शे व्होल्ट असतं, तेव्हा मीटर आणि प्रोब दोन्ही तेवढ्या डीसीचे हवेत.

पॅनेलमधल्या सीटीची (करंट ट्रान्सफॉर्मरची) सेकंडरी तपासायची आहे.

क्लॅम्प लावा, वायर सोडवू नका. चालू लाइनवरच्या सीटीची सेकंडरी उघडी पडली की तिच्या टोकांवर जीवघेणं व्होल्टेज तयार होतं. २००/५ च्या सीटीवर ३.२ ॲम्पिअर दिसले तर मुख्य करंट ४० पट, म्हणजे १२८.

क्लॅम्प शून्य दाखवतोय, म्हणजे वायर बंद आहे ना?

नाही. या पानावरची सगळ्यात महत्त्वाची ओळ कुठली विचाराल तर हीच. शून्य करंट म्हणजे लोड चालू नाही, एवढंच. वायरवर पूर्ण व्होल्टेज असू शकतं. वायर बंद आहे हे ठरवायचं व्होल्टेज मोजूनच, तेही तीन टप्प्यांत: आधी चालू असल्याचं माहीत असलेल्या जागी मीटर तपासा, मग बंद केलेल्या जागी मोजा, मग पुन्हा पहिल्या जागी. मधल्या वेळात प्रोबची वायर तुटली असेल तर तिसऱ्या टप्प्यावर कळतं. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि थ्री-फेजला फेज-फेज, सगळ्या जोड्या तपासा. लांब केबलवर शेजारच्या वायरमुळे उमटलेलं खोटं व्होल्टेज दिसत असेल तर मीटरच्या कमी-इम्पिडन्स सेटिंगवर ते विरून जातं, खरं असेल तर टिकतं.

मीटरवर ‘कॅट ३ ६०० व्होल्ट’ लिहिलंय. माझं काम २३० व्होल्टचं आहे, मग कॅट बघायची काय गरज?

कारण मीटर रोजच्या २३० व्होल्टने सहसा फुटत नाही. लाइनवर वीज पडल्याने किंवा मोठं स्विच उघडल्याने क्षणभर हजारो व्होल्टचा झटका येतो. त्याने मीटरच्या आत ठिणगी पडली की मागून मुख्य पुरवठा तीच वाट पकडतो आणि मीटर तुमच्या हातात जळतो. पुरवठ्याच्या उगमाजवळ जाल तितकी मागची ताकद जास्त. म्हणून आयईसी ६१०१० या मानकात जागेनुसार वर्ग पाडलेत. कॅट २ म्हणजे सॉकेटला लागणारी उपकरणं. कॅट ३ म्हणजे इमारतीतली पक्की वायरिंग, वितरण पॅनेल, मोटरचे स्टार्टर. कॅट ४ म्हणजे पुरवठा इमारतीत शिरतो ती जागा, मीटर बोर्ड, बाहेरची लाइन.

वर्ग आणि व्होल्टेज दोन्ही मिळून वाचायचे. कॅट २ १००० व्होल्ट आणि कॅट ३ ६०० व्होल्ट हे दोन्ही मीटर ६००० व्होल्टच्या झटक्याला तपासतात. पण पहिल्याच्या चाचणीत झटक्यामागचा रोध १२ ओहम असतो, दुसऱ्याच्या २ ओहम, म्हणजे सहापट करंट. पॅनेलसाठी दुसराच बरा, आकडा लहान दिसला तरी. प्रोबवरचा वर्गही वाचा. संपूर्ण जोडणीचा वर्ग तिच्यातल्या सगळ्यात कमजोर भागाचा. तपासणी संस्थेचा शिक्का नसलेल्या स्वस्त मीटरवरचं ‘कॅट ४’ हे नुसतं छापलेलं असू शकतं.

उघड्या बसबारभोवती क्लॅम्प लावता येतो का?

मीटरचा जबडा ‘टाइप ए’ असेल आणि व्होल्टेज त्याच्या मर्यादेत असेल तरच. ‘टाइप बी’चा जबडा चालू असलेल्या उघड्या धातूभोवती लावायला किंवा काढायला केलेला नसतो, तो आवरण असलेल्या वायरीसाठी. माहितीपत्रकात प्रकार दिलेला असतो. बोटं नेहमी हातासमोरच्या कड्याच्या मागे. ते कडं पकड चांगली यावी म्हणून नाही, त्याच्यापुढे हात गेला तर सुरक्षित अंतर संपतं म्हणून आहे.

चालू पॅनेलमध्ये मोजताना क्रम काय ठेवावा?

पहिला प्रश्न स्वतःला: हे बंद करून होणार नाही का? होणारच नसेल तर

१. अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ, गळ्यातली साखळी काढा. सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे. पॅनेलच्या ताकदीप्रमाणे इन्सुलेटेड हातमोजे आणि फेस शील्ड.

२. मीटर बघा: जबड्याला तडा, ओल, उघडी पडलेली प्रोबची वायर. काहीही असेल तर तो बाजूला.

३. प्रोब मीटरमधून काढून टाका. क्लॅम्प लावताना लोंबणारी प्रोब बसबारवर पडून शॉर्ट होणं हा या कामातला ठरलेला अपघात आहे.

४. डायल आधी करंटवर, मोठ्या रेंजवर. जबडा वायरभोवती असताना डायल ओहम किंवा व्होल्टवर फिरवू नका.

५. पॅनेलसमोर सरळ न उभं राहता थोडं बाजूला, कोरड्या जागी. जमेल तिथे एकाच हाताने काम. दुसरा हात पॅनेलच्या पत्र्यावर टेकवू नका.

६. वायर ओढून जागा करू नका. सैल लग (वायरच्या टोकाचा जोड) तिथेच निसटतो. जागा नसेल तर अरुंद जबड्याचा किंवा लवचीक कॉइलचा मीटर आणा.

७. ‘होल्ड’ दाबा, मीटर बाहेर काढा, मग वाचा. डोकं आत घालून आकडा वाचायचा नाही. पुढच्या मोजणीआधी होल्ड सोडा, नाहीतर तोच जुना आकडा तिन्ही फेजना लिहिला जातो.

मीटर अजून बरोबर दाखवतोय हे घरच्या घरी कसं पडताळायचं?

ज्याचे वॅट माहीत आहेत असा नुसत्या तापणाऱ्या तारेचा हीटर घ्या. लाइन स्प्लिटरवर करंट मोजा आणि त्याच वेळी सॉकेटचं व्होल्टेजही. २३० व्होल्टला २००० वॅटचा हीटर ८.७ ॲम्पिअर घेतो. व्होल्टेज २१५ असेल तर करंटही त्याच प्रमाणात उतरून ८.१ होतो. हीटरच्या स्वतःच्या वॅटमध्येही पाच-दहा टक्के इकडे-तिकडे असतं, म्हणून हे ढोबळ. त्यापेक्षा नव्या मीटरवर पहिल्याच दिवशी याच हीटरचा करंट आणि व्होल्टेज लिहून ठेवा आणि पुढे त्याच्याशी ताडत जा. ज्या रीडिंगवर बिल, वॉरंटी किंवा सुरक्षेचा दाखला अवलंबून आहे, तिथे वर्षातून एकदा प्रयोगशाळेतलं कॅलिब्रेशन लागतंच. मीटर जबड्यावर आपटला असेल तर वर्ष पुरं व्हायची वाट बघू नका. आणि महिनोन्महिने वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा. पाझरलेला सेल आतली पट्टी खातो, आणि मग तपासायला मीटरच उरत नाही.